उतरणाऱ्या प्रवाशाचा विसावा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाची संहिता)



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या मुखावर स्मित उमटलेले आम्ही पाहिले. ज्ञातीच्या संमेलनात आजवर विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह, विवाहातील खर्च, कुलवृत्तान्त अशा विषयांवर व्याख्याने झाली. विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाने कोणत्या खोलीत जाऊन हातपाय धुवावेत हा विषय त्या मालिकेत शोभेल काय, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु मंडळाच्या नोंदवहीवर एकवार नजर फिरवावी. ज्यातील एकही अपत्य परदेशी नाही असे घर आता शोधावे लागते. आणि अपत्य परदेशी गेले म्हणजे सूनबाईंच्या बाळंतपणासाठी, नातवाच्या मुंजीसाठी, नाहीतर नुसते डोळे भरून पाहण्यासाठी आईवडिलांनाही निघावेच लागते. आयुष्यभर ज्यांनी एस. टी. आणि रेल्वे यांपलीकडे वाहन पाहिले नाही, अशी साठी-सत्तरीची माणसे एकेकटी नऊ-नऊ, पंधरा-पंधरा तासांचा आकाशप्रवास करतात, हे आपल्या पिढीने पाहिलेले एक नवलच म्हटले पाहिजे.

या ज्येष्ठांसाठी आपल्या तरुण सभासदांनी यंदा एक सूचना मांडली आहे. ज्येष्ठ-साहाय्य निधीतील काही रक्कम काढून विमानतळावरील लाऊंजची सभासदत्वे विकत घ्यावीत आणि परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांस ती आळीपाळीने वापरावयास द्यावीत, म्हणजे उतरल्यावर त्यांना तोंड धुऊन, चहा घेऊन, घटकाभर पाठ टेकता येईल, अशी ती सूचना आहे. तिच्यामागील प्रेमाविषयी कोणासही संशय नाही. ती मतास येण्यापूर्वी त्या दारांवर कोणते नियम लिहिलेले आहेत ते सभेस सांगावे, अशी आज्ञा आम्हांस झाली, कारण प्रवाशांची तिकिटे काढून देणे हाच आमचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे.

प्रथम एक मूलभूत भेद ध्यानी घ्यावा. ज्यास आपण लाऊंज म्हणतो तो बहुतेक सर्वत्र निघणाऱ्या प्रवाशासाठी असतो, उतरणाऱ्यासाठी नव्हे. सुरक्षातपासणी झाली, विमान सुटावयास दोन तास आहेत, तेवढा वेळ सुखात जावा म्हणून ती योजना असते. उतरलेल्या प्रवाशाची वाट निराळी. विमानातून बाहेर पडताच त्यास इमिग्रेशनकडे वळविले जाते, पुढे सामानाचा पट्टा, त्यापुढे कस्टम्स, आणि मग तो सरळ रस्त्यावर येतो. निघणारा आणि उतरणारा यांची गाठ पडू नये अशीच आंतरराष्ट्रीय विमानतळांची रचना असते. मुंबईचे २०१४ साली सुरू झालेले टर्मिनल २ आपण पाहिलेच आहे. निघणाऱ्यांचा मजला वर, उतरणाऱ्यांचा खाली, आणि खालच्यास वर जावयाचा मार्ग नाही. तेव्हा जाताना ज्या लाऊंजमध्ये इडली-सांबार खाल्ले, त्याच लाऊंजमध्ये येताना जाऊन बसू, असे जे पुष्कळांस वाटते ते भिंती आणि जिने यांच्या रचनेतच अशक्य होऊन बसते. नियमाचा प्रश्न त्यानंतरचा.

अमेरिकेत देशान्तर्गत प्रवासाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे उतरणारे व निघणारे एकाच दालनात वावरतात, आणि म्हणून काही कंपन्यांच्या क्लबांत वर्गणीदार सभासदास त्या दिवशी उतरल्याचा बोर्डिंग पास दाखवूनही आत जाता येते. या क्लबांचा इतिहास मनोरंजक आहे. विमान कंपनीने चालविलेला पहिला क्लब अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उघडला. त्याचे नाव ‘ॲडमिरल्स क्लब’. कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांच्या कारकिर्दीत कंपनी आपल्या विमानांस ‘फ्लॅगशिप’ म्हणत असे. विमान जर आरमारातील जहाज, तर कंपनीचा आवडता प्रवासी ओघानेच ॲडमिरल ठरला. प्रारंभी येथे पैसे देऊन प्रवेश मिळत नसे. कंपनी ज्यास बोलावील तो ॲडमिरल, आणि ज्यास बोलावणार नाही त्याने बाकावर बसावे. कोणास बोलवावे आणि कोणास नाही याविषयी पुढे १९६० नंतरच्या काळात आक्षेप निघाले आणि मग असे क्लब वर्गणी भरणाऱ्या कोणासही खुले होत गेले.

हे ऐकून त्या ॲडमिरलांस हसण्याचा मोह आम्हांस होतो, परंतु आम्ही तो आवरतो. आमच्याही धर्मशाळांच्या दारावर ज्ञातीचे नाव कोरलेले असे, आणि आत कोणास घ्यावे याची कलमे ओसरीवर टांगलेली असत. असो.

आता ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ ऊर्फ नित्यप्रवासी हे प्रकरण. १९७८ साली अमेरिकेत विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले. तोवर भाडे आणि मार्ग सरकार ठरवीत असे. ते बंधन जाताच कंपन्यांत गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ नावाची योजना काढली. आपल्याच आरक्षण-संगणकातून कोण वारंवार प्रवास करतो ते हुडकून त्यास प्रत्येक मैलामागे गुण द्यावयाचे आणि गुण साठले की फुकट तिकीट द्यावयाचे. प्रतिस्पर्ध्यांनी काही दिवसांतच तिचे अनुकरण केले. आपल्याकडील वाण्याने दर महिन्याच्या यादीबरोबर गुळाचा खडा पुडीत बांधून द्यावा, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे खड्यांचा हिशेब संगणक ठेवतो.

या हिशेबाची दोन खाती असतात, आणि आजच्या प्रश्नाची किल्ली त्यांतच आहे. एक खाते मैलांचे अथवा गुणांचे. हे खर्चावयाचे धन आहे. ते देऊन तिकीट घेता येते आणि पुष्कळ कंपन्यांत ते तिकीट दुसऱ्याच्या नावेही काढता येते. दुसरे खाते श्रेणीचे. चांदी, सोने, प्लॅटिनम अशी ही नावे असतात. ही श्रेणी एका वर्षातील प्रवासावर अथवा खर्चावर ठरते, ठरावीक मुदतीनंतर पुन्हा कमवावी लागते, आणि ती फक्त त्या एका माणसाच्या देहास चिकटलेली असते. ती दान करता येत नाही, उसनी देता येत नाही. अलीकडे ती मिळविणे अधिक महाग झाले आहे. पूर्वी किती अंतर उडालात ते पाहत, आता किती पैसे दिलेत ते पाहतात. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून हीच रीत धरली. तिच्या सुवर्णश्रेणीस वर्षाकाठी वीस हजार गुण लागतात, आणि सर्वसाधारणपणे एका पौंडाच्या खर्चास एक गुण असा तो हिशेब आहे.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे उतरणाऱ्यांसाठीच बांधलेल्या त्या विरळ खोल्यांकडे वळू. यांचे उत्तम उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आहे. आशियातून आणि अमेरिकेच्या पूर्वकिनाऱ्यावरून रात्रभर उडत आलेली विमाने तेथे पहाटे पाचपासून एकामागून एक उतरू लागतात. कचेऱ्या नवास उघडणार, हॉटेलची खोली दुपारी मिळणार, आणि अंगावरचा सदरा कालचा. व्यापारी मनुष्याची ही अडचण ओळखून विमान कंपन्यांनी आगमनाच्या बाजूस लाऊंज काढले. स्नानाच्या खोल्या, कपड्यांस इस्त्री, गरम न्याहारी, आणि तेथून थेट बैठकीस जावे, असा हा बेत. ब्रिटिश एअरवेजचा असा लाऊंज २००८ साली उघडलेल्या टर्मिनल ५ मध्ये कस्टम्सच्या पलीकडे आहे.

तेथील नियम नीट ऐकावेत. लांब पल्ल्याच्या विमानातून पहिल्या वर्गाने अथवा ‘क्लब वर्ल्ड’ या बिझनेस वर्गाने आलेल्यास प्रवेश आहे. त्याच कंपनीच्या सुवर्णश्रेणीचा प्रवासी असेल तर तो मागच्या स्वस्त आसनावर बसून आला तरी त्यास घेतात, परंतु विमान त्याच कंपनीचे आणि लांब पल्ल्याचे हवे. रौप्यश्रेणीच्या प्रवाशास केवळ कार्डावर प्रवेश नाही. बसला असेल त्या वर्गावरून ठरते. पाहुणा आणण्याची मुभा नाही. आणि दुपारी दोनच्या सुमारास हा लाऊंज बंद होतो, कारण पहाटेचे प्रवासी तोवर निघून गेलेले असतात. मुंबईहून दुपारी निघून सायंकाळी लंडनास उतरलेल्या मनुष्यापाशी सोन्याचे कार्ड असले तरी त्याच्यापुढे बंद दार असते. दमलेल्या माणसाची सोय हा या खोलीचा हेतू असता तर ती सायंकाळीही उघडी राहिली असती. हेतू आहे तो मौल्यवान गिऱ्हाइकाची सकाळची बैठक चुकू नये हा, आणि त्या हेतूस अनुसरून सर्व नियम अगदी सुसंगत आहेत. त्यांत अन्याय शोधण्यात अर्थ नाही. दुकानदाराने आपल्या मोठ्या गिऱ्हाइकास गादीवर बसविले म्हणून रस्त्याने जाणाऱ्याने रुसू नये.

“पण आमच्या मुलाचे कार्ड जगभर चालते,” असे आम्हांस आमच्या कचेरीत आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. जगभर चालते म्हणजे काय, ते पाहू. विमान कंपन्यांचे तीन मोठे संघ आहेत. १९९७ साली स्थापन झालेला ‘स्टार अलायन्स’, ज्यात आपली एअर इंडिया २०१४ च्या जुलैत दाखल झाली, तो एक. १९९९ चा ‘वनवर्ल्ड’ हा दुसरा. आणि २००० चा ‘स्कायटीम’ हा तिसरा. संघातील एका कंपनीच्या वरच्या श्रेणीस दुसऱ्या कंपनीच्या लाऊंजमध्ये मान मिळतो हे खरे. परंतु स्टार अलायन्सच्या सुवर्णश्रेणीचा नियम वाचला तर त्यात त्या दिवशीच्या, अथवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपूर्वीच्या, निघणाऱ्या विमानाचा बोर्डिंग पास मागितलेला आढळेल. सोबत एक पाहुणा नेता येतो, पण त्यानेही त्याच विमानतळावरून संघाच्या विमानाने निघावयाचे असते. आगमनाचे लाऊंज या देवघेवीत नाहीत. वनवर्ल्डनेही ते वगळले आहेत. ज्या कंपनीने ती खोली बांधली तीच आपल्या मर्जीने तेथील नियम ठरविते.

येथे बदलीच्या प्रवाशाविषयी सांगून टाकतो. मुंबईहून दुबईस अथवा फ्रँकफुर्टास उतरून पुढे अमेरिकेस जाणारा प्रवासी नियमाच्या दृष्टीने उतरलेला नसून निघणारा असतो. त्याच्या हाती पुढच्या विमानाचा पास असतो, आणि म्हणून श्रेणी, वर्ग अथवा पैसे यांपैकी काहीही असेल तर मधल्या विमानतळावरील निघण्याच्या बाजूचे लाऊंज त्यास उघडे असतात. आपल्या ज्येष्ठांस लाऊंजचा खरा उपयोग कोठे होत असेल तर तो या मधल्या ठिकाणी. तेथे पाच-सहा तास काढावे लागतात, बाहेर न्यावयास कोणी आलेले नसते, आणि औषधाची वेळही नेमकी तेव्हाच येते.

मुक्कामी उतरल्यावर काय होते ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याच मार्फत तिकीट काढलेले एक वृद्ध दांपत्य मुलाकडे परदेशी गेले. मुलगा नोकरीनिमित्त महिन्यातून दोनदा विमानाने फिरणारा. त्याची श्रेणी वरची. त्याने आईवडिलांस फोनवर सांगून ठेवले होते की, उतरल्यावर तेथील लाऊंजमध्ये माझे नाव आणि क्रमांक सांगा, स्नान करा, न्याहारी करा, मी दहापर्यंत येतो. तिकीट साधे, स्वस्त वर्गाचे. दारावरील बाईने सौजन्याने पास पाहिला, सौजन्याने क्रमांक ऐकला आणि सौजन्यानेच नकार दिला. काकूंना इंग्रजी फारसे येत नाही. नकार कोणत्या कारणासाठी हे त्यांना कळेना. आपल्या नऊवारीकडे पाहून हिने आपणांस परत पाठविले असेच त्यांनी मनात घेतले, आणि मुलगा येईपर्यंतचे दोन तास त्या खांबाजवळच्या बाकावर, पाणीसुद्धा न मागता, बसून राहिल्या. काकांनी पुढे आम्हांस हे सांगितले तेव्हा त्यांच्या बोलण्यात कंपनीविषयी राग नव्हता. त्यांस जे लागले ते हे की, मुलाचा मान आपल्या कामी आला नाही.

तो येणारच नव्हता. ज्याच्यापाशी कार्ड आहे तो मुलगा कठड्याबाहेर उभा, त्याच्या हाती त्या दिवशीचा प्रवास नाही. ज्यांच्या हाती प्रवास आहे ते आईवडील आत, त्यांच्यापाशी कार्ड नाही. दोहोंची बेरीज कोणताही दारवान करीत नाही. याऐवजी मुलाने आपल्या साठलेल्या मैलांतून आईवडिलांची आसने बिझनेस वर्गाची काढली असती तर तेच दार विनातक्रार उघडले असते, कारण मैल देऊन घेतलेले बिझनेस वर्गाचे तिकीटही या कामी तिकीटच समजतात, आणि रात्री आडवे होऊन झोप मिळाली असती ती वेगळीच. ज्या मुलांपाशी मैल पडून आहेत त्यांनी ते स्वतःच्या सुट्टीसाठी राखण्यापेक्षा आईवडिलांच्या एका खेपेवर खर्चावेत, असे आम्ही आमच्या गिऱ्हाइकांस नेहमी सुचवितो. काहींस ते रुचते, काहींस रुचत नाही.

आता आपल्या देशातील बँकांच्या कार्डांकडे वळू. तरुण सभासदांच्या सूचनेत त्यांचाही उल्लेख आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे क्रेडिट कार्डाबरोबर लाऊंजचा प्रवेश जणू फुकट मिळू लागला. दारावर कार्ड फिरवावे, खात्री म्हणून दोन रुपये कापून घ्यावेत, आणि आत जाऊन पोटभर जेवावे. परिणाम आपण पाहतोच. लाऊंजच्या बाहेर रांग, आत बसावयास जागा नाही, आणि ताटल्या धुऊन होईपर्यंत थांबावे लागते. साहजिकच बँकांनी दोर आवळला. एका मोठ्या खाजगी बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर मागील तिमाहीत निदान ३५ हजार रुपये खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली. इतरांच्याही अशाच अटी आल्या. निवृत्तिवेतनावर राहणारा, महिन्याचे वाणसामान रोखीने आणणारा ज्येष्ठ तिमाहीस इतका खर्च कार्डावर कोठून करणार? आणि करून मिळते काय, तर निघतानाचा प्रवेश. उतरल्यावर त्याच कार्डाचा काहीही उपयोग नाही.

पैसे भरून कोणासही आत घेणारे लाऊंज हा तिसरा मार्ग. यांचा पाया घालणाऱ्यांत हाँगकाँगची ‘प्लाझा प्रीमियम’ ही संस्था प्रमुख समजली जाते. तिचे संस्थापक सोंग होई-सी हे पूर्वी बँकेच्या मोठ्या नोकरीत होते व बिझनेस वर्गाने फिरत. नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढल्यावर साध्या वर्गाने जाण्याची पाळी आली, आणि लाऊंजचे दार आपणांस बंद झाले हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातूनच त्यांनी १९९८ साली हा धंदा उभारला. ज्यास दाराबाहेर उभे राहावे लागले त्यानेच दुसरे दार बांधले, याचे आम्हांस कौतुक वाटते. अशा पैसे घेणाऱ्या संस्थांचे लाऊंज काही ठिकाणी आगमनाच्या बाजूसही असतात. मात्र ते कोणत्या टर्मिनलमध्ये आहेत, कोणत्या वेळेस उघडे असतात आणि ज्या सभासदत्वाच्या जोरावर आपण जाणार ते तेथे चालते की नाही, हे प्रत्येक खेपेस पाहावे लागते. शिवाय ही सभासदत्वे बहुधा एकाच व्यक्तीच्या नावाची असतात. मंडळाच्या नावाने घेऊन आळीपाळीने वापरण्याची कल्पना येथेच अडते.

रेल्वेची आठवण या ठिकाणी येते. तिच्या विश्रांतिगृहातील खोली निश्चित तिकिटाच्या क्रमांकावर, निघण्याच्या स्थानकावर तशीच उतरण्याच्या स्थानकावरही मागता येते. उतरलेल्या माणसालाही अंग धुवावयाचे असते, हे आगगाडी चालविणाऱ्यांनी ओळखले होते.

आपल्या ज्येष्ठांस विमानतळावर हक्काने आणि विनामूल्य मिळणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे चाकाच्या खुर्चीची आणि सोबतीची मदत. युरोपात २००६ च्या नियमाने चालण्यास अडचण असणाऱ्या प्रवाशास अशी मदत मोफत देणे विमानतळावर बंधनकारक केले, आणि ब्रिटनमध्येही तो हक्क चालू आहे. निघण्यापूर्वी निदान ४८ तास विमान कंपनीस कळवून ठेवावे, एवढीच काळजी घ्यावयाची. विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, सामान, कस्टम्स असे सर्व पार करून माणूस बाहेर आणून सोडतात. पाय दुखत असताही “आम्ही काही पांगळे नाही” म्हणून ही मदत नाकारणारे काका-आजोबा आमच्या परिचयाचे आहेत. हीथ्रोसारख्या ठिकाणी काही विमानांपासून इमिग्रेशनपर्यंतची वाट किती लांब पडते, हे त्यांस तेथे गेल्यावर कळते. ज्यांस खरी गरज आहे त्यांनी संकोच करू नये. ज्यांस नाही त्यांनी रांग टाळण्यासाठी ती मागू नये, कारण खुर्च्या मोजक्याच असतात.

तेव्हा सूचनेविषयी आमचे मत विचाराल तर निधीतील रक्कम सभासदत्वांवर घालू नये. जेथे आपणांस सोय हवी तेथे ते दार उघडत नाही, आणि जेथे उघडते तेथे गर्दी आहे. अपवाद एवढाच करावा की, मधल्या विमानतळावर पाच तासांहून अधिक थांबावे लागणाऱ्या, एकट्या प्रवास करणाऱ्या ज्येष्ठांसाठी त्या एका खेपेपुरते पैसे भरून लाऊंजची जागा आधीच काढून द्यावी. ते काम आमची कचेरी कोणतीही दलाली न घेता करील.

उतरणाऱ्यांसाठी मात्र आपल्यापाशी आपले जुने साधन आहे. नाशिकास गोदावरीकाठी, पंढरपुरास चंद्रभागेकाठी ज्ञातीज्ञातींनी धर्मशाळा बांधल्या त्या निघणाऱ्यांसाठी नव्हत्या. दमून आलेल्यास पाय धुवावयास पाणी, गुळाचा खडा आणि पथारी टाकावयास जागा मिळावी म्हणून त्या होत्या. मुंबईस गिरण्यांत आणि कचेऱ्यांत नोकरीस येणारा तरुण स्थानकावर उतरला की, गाववाल्याची खोली हेच त्याचे आगमनाचे लाऊंज असे. आज लंडन, दुबई, सिंगापूर, न्यू जर्सी येथे आपली घरे आहेत. त्यांपैकी विमानतळाजवळ राहणाऱ्या कुटुंबांनी वर्षातून दोन वेळा तरी, ज्याचा मुलगा कामामुळे वेळेवर येऊ शकत नाही अशा ज्येष्ठास कठड्यापाशी उभे राहून घ्यावे, घरी नेऊन स्नान-चहा द्यावा, आणि मुलगा येईपर्यंत ठेवून घ्यावे, एवढे मान्य केले तर पुष्कळ काम होईल. उलट दिशेसही तेच. युरोपातून येणारी अनेक विमाने मुंबईस मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. सातारा, नाशिक, कोल्हापूर येथील आपले सभासद रात्रीच मोटार करून निघतात, आणि झोपेने जड झालेल्या चालकाच्या भरवशावर घाट चढतात. अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझ येथे राहणाऱ्या आपल्या सभासदांपैकी काहींनी एक खोली सकाळपर्यंत उघडी ठेवली तर हा प्रवास उजाडल्यावर करता येईल.

आणि एक लहानशी विनंती. उतरलेला माणूस ज्ञातीचा नसून त्याच विमानात शेजारी बसून आलेला, त्याच कठड्यापाशी कोणाची तरी वाट पाहत ताटकळलेला असेल, तर त्यासही मोटारीत घ्यावे. कलमे टांगावयाची ओसरी या वेळी आपल्यापाशी नाही, हे बरेच झाले.

ज्यांची घरे देण्याची तयारी आहे त्यांच्यासाठी एक वही दालनाच्या दाराशी ठेवली आहे. गाव, विमानतळापासूनचे अंतर, घरी जिना आहे की लिफ्ट, आणि कोणत्या महिन्यांत आपण घरी नसता, एवढेच त्यात लिहावयाचे. लंडन आणि न्यू जर्सी येथील पाने आज सकाळीच आलेल्या पत्रांवरून भरून ठेवली आहेत. मुंबईचे पान अद्याप कोरे आहे. भोजनाची घंटा होण्यास अजून वीस मिनिटे आहेत.